नियम सगळ्यांना सारखा, मग ती बाहेर का?



मार्च महिना चालू आहे. वह्या पूर्ण करायच्या, बचत-कर्जाचा मेळ घालायचा, पुढच्या वर्षाचा आराखडा करायचा, ही कामं सध्या गावोगाव चालली असतील. गट उमेदचा असो, माविमचा असो, नाहीतर एखाद्या संस्थेनं बांधलेला असो. ग्रामसंघाच्या बैठकीत पुढच्या वर्षाची उद्दिष्टं लिहिली जातात. नवे गट इतके. बँकेचं कर्ज इतकं. वसुली शंभर टक्के. आणि सगळ्यात खाली एक ओळ असते : 'गावातील गरीब व वंचित महिलांना सामावून घेणे.'

वरच्या प्रत्येक ओळीत आकडा असतो. या शेवटच्या ओळीत नसतो. तारीख नसते, कोण करणार तेही नसतं. म्हणून पुढच्या मार्चला ती ओळ तशीच्या तशी उतरवून काढली जाते. आज मी या एकाच ओळीबद्दल बोलणार आहे. ती खरी करायची असेल तर कशी लिहायची आणि त्यासाठी गटाला आपलं काय बदलावं लागेल, हे बघू.

आधी हे बघू, की बाहेर राहिलेल्या बाईचं नुकसान किती होतं. समजा, मुलाच्या आजारपणासाठी तिला १०,००० रुपये लागले. गटात असती तर शेकडा दोन रुपये व्याजानं महिन्याला २०० रुपये द्यावे लागले असते. बाहेर सावकार शेकडा पाच घेतो, कुठे कुठे दहाही घेतो. पाच धरले तरी महिन्याला ५०० रुपये. म्हणजे ३०० रुपये जास्त, वर्षाला ३,६०० रुपये जास्त. गावातली सगळ्यात गरीब बाई सगळ्यात महाग पैसा वापरते. आणि गट तर तिच्याचसाठी सुरू झाले होते.

नुसत्या ठरावानं दार उघडत नाही, हे आपल्या महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या, असा तो ठराव होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण तळ्यावर जाऊन पाणी प्यायची कोणाची छाती होत नव्हती. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये तीन वर्षं गेली होती. त्यानंतरही मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली, तो भाग निराळा. आपल्या शेवटच्या ओळीचंही तसंच असतं. ठराव झालेला असतो, पण पाण्यापर्यंत कोणी गेलेलं नसतं.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिलं काम, बाहेर कोण आहे ते नावानिशी शोधायचं. 'आमच्या गावात आता कोणी राहिलं नाही' असं पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं. एक दिवस पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. रस्ते, वस्त्या, तांडा, पाडा, शेतातली घरं, गावाच्या कडेला पाल टाकून राहिलेली कुटुंबं, सगळं त्यात आलं पाहिजे. मग गटात असलेल्या प्रत्येक घरावर ज्वारीचा दाणा ठेवा. दाणा नसलेली घरं आपोआप दिसतील. बहुतेक ती एकाच बाजूला, एकाच वस्तीत असतील.

नकाशा झाला की जुनी रजिस्टरं काढा. पूर्वी गटात होत्या आणि नंतर सुटल्या, अशा किती जणी आहेत? गटात कधीच न आलेल्या बाईची आठवण निदान आपल्याला होते. सुटलेल्या बाईबद्दल 'तिला नियम पाळता आले नाहीत' असं म्हणून आपण पान उलटतो. तिचं नावही या यादीत घ्या.

यादीत कोण कोण येईल? भूमिहीन मजूर, नवरा गेलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बायका, दिव्यांग बाई, दिव्यांग मुलाची आई, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या, कागदपत्रंच नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, आणि गावात तृतीयपंथी व्यक्ती असेल तर तीही. एक पथ्य मात्र पाळा. ही यादी बैठकीत मोठ्यानं वाचायची नाही, भिंतीवर लावायची नाही. कोणालाही आपली गरिबी चावडीवर आलेली आवडत नाही.

दुसरं काम, तिच्या दारात जाऊन विचारायचं. 'तू का येत नाहीस?' असं विचारलं तर तिला वाटेल आपण जाब विचारतोय. त्यापेक्षा विचारा, 'गटात यायचं तर तुला काय अडचण पडते?' आणि मग ऐकून घ्या. उत्तरं साधीच येतात. बैठक दुपारी दोनला असते, तेव्हा मी मजुरीवर असते. आठवड्याला पन्नास रुपये निघत नाहीत. बैठक देवळाच्या ओट्यावर असते, तिथं मला कोणी बसा म्हणत नाही. मला सही येत नाही, हसतील. मला चढ चढवत नाही. मी सहा महिने गावातच नसते.

ही उत्तरं एका कागदावर लिहून काढा. त्यांतली बरीच आपल्याच गटाच्या नियमांकडे बोट दाखवतात. वेळ आपण ठरवली, रक्कम आपण ठरवली, जागाही आपणच निवडली. वाईट हेतूनं नाही. ज्या दहा-बारा जणी पहिल्या दिवशी हजर होत्या, त्यांच्या सोयीनं ते ठरलं इतकंच.

इथं एक प्रश्न नेहमी येतो. 'ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे. मग अन्याय कुठं झाला?'

आपण घरात वाढतो कसं ते आठवा. ज्याला दात आहेत त्याला भाकरी तशीच देतो. म्हातारीला दात नाहीत म्हणून तीच भाकरी दुधात कुस्करून देतो. बाळंतिणीला आपण जरा जास्त तूप वाढतो. कोणी म्हणत नाही, की हा पक्षपात आहे. सगळ्यांचं पोट भरावं, हा हेतू असतो. सगळ्यांपुढं सारखी भाकरी टाकली आणि म्हातारी उपाशी उठली, तर वाढणं सारखं झालं पण न्यायाचं झालं नाही.

आता हेच गटाच्या हिशेबात बघू. समजा, गटाची बचत आठवड्याला ५० रुपये आहे आणि बैठक चुकली तर १० रुपये दंड आहे. नियम सर्वांना सारखाच. बीडकडची एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. दसऱ्यानंतर गाव सोडते, पाडव्याच्या सुमारास परत येते. साधारण २६ आठवडे. परत आली तेव्हा तिची राहिलेली बचत झाली १,३०० रुपये आणि दंड झाला २६० रुपये. गावात पाऊल ठेवताच १,५६० रुपये भर, नाहीतर नाव कमी. फडावर पहाटेपासून राबणारी ती बाई मौज म्हणून गैरहजर नव्हती. पण वहीत तिची आणि घरी बसून कंटाळा केलेल्या बाईची नोंद एकच, 'गैरहजर'. अशा बायका गटातून सुटतात आणि आपण म्हणतो, त्यांना शिस्त नाही.

तिसरं काम म्हणून नियम तपासायचे. कोणता नियम गटाचा कणा आहे आणि कोणता फक्त सवयीचा, हे वेगळं काढायचं.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. हा कणा आहे, त्याला धक्का लावायचा नाही. पण बैठक दुपारी दोनलाच घ्यावी असं कुठं लिहिलंय? रात्री आठला, जेवणं उरकल्यावर घ्या. दर आठवड्याला वेगवेगळ्या वस्तीत घ्या. स्थलांतरावर जाणाऱ्या बाईची नोंद गैरहजर म्हणून न करता 'स्थलांतरित' अशी करा आणि दंड लावू नका. तिची बचत तिची मुलगी किंवा शेजारीण भरेल, नाहीतर ती आल्यावर चार हप्त्यांत भरेल, असं जायच्या आधीच ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.

बचतीच्या रकमेचंही तसंच. ५० रुपये झेपत नसतील तर तिला २० रुपयांनी सुरुवात करू द्या. 'मग नफा वाटताना भांडण होईल' अशी भीती वाटेल. नफा ज्याच्या त्याच्या बचतीच्या प्रमाणात वाटायचा. ५० वालीला ५० च्या हिशेबानं, २० वालीला २० च्या हिशेबानं. वहीत प्रत्येकीची बचत वेगळी लिहिलेली असतेच.

गटात दहा जणी जमल्याच पाहिजेत, हीही समजूत पक्की असते. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गट साधारण दहा ते वीस जणींचा असतो हे खरं, पण दिव्यांगांच्या गटाला आणि दुर्गम आदिवासी भागातल्या गटाला पाच सदस्यही चालतात. पाड्यावर सहाच घरं असतील तर गट होत नाही असं समजू नका.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. सचिव आणि कोषाध्यक्ष म्हणतात, 'या बायकांना घेतलं आणि हप्ते थकले तर बँक आम्हाला पुढचं कर्ज देणार नाही. आमच्या दहा वर्षांच्या मेहनतीचं काय?' ही भीती खोटी नाही. ती झटकून टाकू नये. गटाचं नाव बिघडलं तर सगळ्यांचंच नुकसान आहे.

त्याला उपाय दोन. पहिला, कर्ज देतानाच हप्ता तिच्या कमाईच्या दिवसांशी जुळवायचा. दूध घालणारीच्या हाती दहा दिवसांनी पैसा येतो, तिला छोटे आणि जवळचे हप्ते चालतात. शेळ्या पाळणारीचा पैसा बोकड विकल्यावर येतो, तिला वर्षात एक-दोन मोठे हप्ते सोयीचे. सोयाबीन काढणारीचा पैसा दिवाळीच्या आगेमागे. दुसरा उपाय, बँकेचा हप्ता दर महिन्याला जातो, तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून ज्यांची कमाई महिन्याची नाही, त्यांना कर्ज बँकेच्या पैशातून न देता गटाच्या स्वतःच्या बचतीतून किंवा ग्रामसंघाच्या निधीतून द्यायचं. ग्रामसंघाकडे अडल्यानडलेल्या कुटुंबांसाठी वेगळा निधी असतो. तो नुसता खात्यात पडून आहे का, हे या मार्चला पासबुक उघडून बघा.

कर्ज वाटण्याची आणखी एक सवय आहे. बँकेचे तीन लाख आले, दहा जणी आहेत, प्रत्येकीला तीस-तीस हजार. भांडण नाही, तंटा नाही. पण जिला आठ हजारांची शिलाई मशीन हवी होती तिच्या डोक्यावर तीस हजारांचा बोजा येतो, आणि जिला साठ हजारांची म्हैस घ्यायची होती ती उरलेले तीस बाहेरून उचलते. सारखं वाटून दोघींचं नुकसान झालं. त्याऐवजी कोणाला किती, कशासाठी हवेत आणि ती कसे फेडणार, हे एकेकीला विचारून आराखडा करा, मग वाटप करा.

चौथं काम, आता ती ओळ नव्यानं लिहायची.

'वंचित महिलांना सामावून घेणे' याच्या जागी असं लिहून बघा : 'आपल्या गावात गटाबाहेर असलेल्या चौदा एकल महिलांपैकी नऊ जणींना ३० सप्टेंबरपर्यंत गटात आणणे. त्यासाठी दोन गटांची बैठक रात्री आठला घेणे व बचतीची किमान रक्कम २० रुपये करणे. त्यांतील किमान पाच जणींना ३१ मार्चपर्यंत पहिलं कर्ज देणे. जबाबदारी : अमुक आणि तमुक ताई.' आकडे तुमच्या यादीतून येतील. पण या ओळीत कोण, किती, कधीपर्यंत, कोणता नियम बदलून, कोणत्या पैशातून आणि कोणाच्या जबाबदारीवर, या सहाही गोष्टी असू द्या. यांतली एक जरी नसली तरी त्या ओळीचं पुढच्या वर्षी काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आकडा लिहिल्यानं काय फरक पडतो, हे आपण ग्रामपंचायतीत पाहिलंय. बायकांनी राजकारणात यावं असं सगळे म्हणत होतेच. पण कायद्यानं आधी एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्या खुर्चीत बायका बसल्या. 'प्रोत्साहन द्यावे' एवढंच लिहिलं असतं तर किती जणी बसल्या असत्या, तुम्हीच सांगा.

पैशाचाही विचार करा. दिव्यांग बाईला बैठकीच्या जागेवर चढायला उतार हवा असेल तर तो गटानं बचतीतून करायची गरज नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. त्या सभेत ही मागणी लेखी द्या.

आता पाचवं. ती गटात आली, एवढ्यानं काम संपत नाही. आत आल्यावर तिला कुठं बसवतो?

दहा-दहा वर्षं तीच अध्यक्ष आणि तीच सचिव असते, कारण तिला लिहिता येतं. लिहायला लिपिका आहे. अध्यक्षाला लिहिता आलंच पाहिजे असं नाही. तिला सगळ्यांचं ऐकून निर्णय घेता आला पाहिजे. दर दोन वर्षांनी पदं बदला. तीन पदांपैकी निदान एक पद आजवर ज्या वस्तीला मिळालं नाही त्या वस्तीकडे जाईल, असा ठराव करा. बँकेत सही करायला जाणारी बाई वस्तीतली असली की वस्तीतल्या मुली ते बघतात.

संक्रांतीला बरेच गट हळदीकुंकू करतात. एरवी दर आठवड्याला आपल्या शेजारी बसणारी, वेळेवर हप्ता भरणारी बाई त्या दिवशी घरी थांबते, कारण तिचा नवरा हयात नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्यास सांगितलं. गावाला जे जमलं ते आपल्या बारा जणींच्या गटाला जमणार नाही का? कार्यक्रम सर्व सदस्यांचा, वाण सगळ्यांना, आणि वाण द्यायलाही त्या असतील, एवढं लिहून ठेवा. कोणाला मनातून पटायला वेळ लागेल. लागू दे. ठरावाप्रमाणे वागायला मात्र त्या संक्रांतीपासूनच सुरुवात करा.

शेवटचं काम, दर तीन महिन्यांनी ती ओळ बैठकीत मोठ्यानं वाचायची. किती जणी आल्या एवढंच विचारू नका. नव्या जणींपैकी कर्ज किती जणींना मिळालं? मागितल्यावर किती दिवसांनी मिळालं? जुन्या सदस्यांना सरासरी किती आणि त्यांना किती? मागच्या तीन बैठकांत त्यांच्यापैकी कोण बोललं? ही उत्तरं तुमच्या कर्जाच्या आणि ठरावाच्या वहीतच सापडतील, वेगळा अभ्यास करावा लागत नाही. आणि त्या बैठकीत पहिल्यांदा नव्या जणींना बोलू द्या, पदाधिकाऱ्यांनी नंतर बोलावं. अध्यक्षांनी आधीच 'सगळं छान चाललंय' म्हटलं, की नवी बाई आपली अडचण सांगत नाही.

नऊ म्हटल्या होत्या आणि चारच आल्या, असंही होईल. तेव्हा आकडा खोडून चार करू नका. पाच जणी का आल्या नाहीत, ते खाली लिहा. वेळ अजून अवघड आहे? घरातून विरोध आहे? आधार कार्ड नाही म्हणून खातं उघडलं नाही? पुढच्या तीन महिन्यांचं काम त्याच कारणांतून मिळतं. घरच्यांचा विरोध असेल तिथं एकीनं जाण्यापेक्षा चौघींनी जावं. कागद नसेल तिथं ग्रामपंचायतीत तिच्याबरोबर कोणीतरी जावं.

मैत्रिणींनो, हे सगळं एका महिन्यात करा असं मी म्हणत नाही. या आठवड्याच्या बैठकीत एक गोष्ट करा. गटाची नियमावली काढून एकीनं मोठ्यानं वाचावी. प्रत्येक नियमाला थांबून विचारावं, या नियमामुळं आपल्या गावातली कोणती बाई आत येऊ शकत नाही? जिथं एखादं नाव आठवेल, तिथं पेन्सिलीनं खूण करा. पुढच्या वर्षाची उद्दिष्टं त्या खुणांवरून लिहा. ऊसतोडीला गेलेल्या बायका आता परतू लागतील. त्या गावात येतील तेव्हा त्यांच्या नावापुढं दंडाचा आकडा लिहिलेला नसावा, एवढी तयारी तर या महिन्यातच होऊ शकते.

तुमच्या गटानं कोणता नियम बदलला, ते आम्हाला जरूर कळवा.